चाळीस मिनिटं

मी निघाले होते कॅथीड्रल बघायला.
पण ऑक्टोबरात तुर्कूच्या नदीकाठी
बेटांवरून मासळीच्या बोटी येतात,
काठाला पाठ टेकून रांगेत उभ्या राहतात,
आणि पाय वळले वासाच्या मागे.
माझे पाय. जिच्या घरात मासा कधी शिजला नाही,
जिच्या आईने अंड्यासाठी तवा वेगळा ठेवला
आणि तोही गॅलरीत.

बोटीचं नाव गुन्नेवी. मालकिणीचंही तेच.
शेवटच्या अक्षरापाशी फळी संपली म्हणून
ते दाटीवाटीनं बसवलेलं,
रंगवणाऱ्याने आधी मोजलं नसावं.

तिने मला न्याहाळलं
दुधी घेताना न्याहाळतात तसं, पण नख न लावता.
"चाळीस मिनिटं उभी राहशील?"
मी हो म्हणायच्या आत एप्रन माझ्या गळ्यात.
मोठी बरणी बारा, लहान सात, काळा पाव आठ.
एवढंच शिकवून ती निघाली
नदीच्या उताराने, हात खिशात घालून.

मग मी हेरिंग विकली.
आपल्या तारलीची ही दूरची चुलतबहीण,
मोहरीत मुरलेली, कांद्यात निजलेली,
आणि एका बरणीत चक्क शेपू!
लहानपणी ज्याला ताटाच्या कडेला सारलं
तो इथे, काचेआडून, माझ्याकडे बघत.

घासाघीस कुणी करेना.
दोन युरो मी मनातल्या मनात सोडून ठेवले होते
ते तसेच पडून राहिले.
माणसं बरणी उजेडात धरत, पैसे देत, जात.
एक म्हातारा तेवढा थांबला,
टोपी हातात घेऊन स्वीडिशमध्ये बरंच काही बोलला,
बोटीच्या कडेवरून दोनदा हात फिरवला.
मी हसले. मान डोलावली. आणखी काय करणार.
बाराच्या घंटा झाल्या तेव्हा त्याचं बोलणं
मध्येच थांबलं, आणि तिथूनच तो निघून गेला.

ती आली. पैसे मोजले.
एक युरो जास्त निघाला.
पुन्हा मोजले, मग तो वेगळा काढून
वजनाच्या काट्याखाली ठेवला.
"येईल ज्याचा तो."

कुठे गेली होती, मी विचारलं नाही.
पाव कापता कापता तीच म्हणाली
खाली एक तर आहे, नारिंगी, चपटी, फुकट,
दीड मिनिटात माणसाला पैलतीरी सोडते.
रुरिकचा जन्म सुकाणूला गेला.
पण बाजाराला आलो की एकदा
तो त्या तरीत जाऊन बसायचा,
हात मांडीवर ठेवून, कुणा पाहुण्यासारखा.
तेवढी एकच नाव
जिच्यावर त्याला काही करायचं नसे.

"शेजारच्या बोटीत सांगायचं होतंस," मी म्हटलं.
"त्यांना सांगितलं की ते सोबत येतात."

"मग? बसलीस?"
"नाही. जाताना उभी, येताना उभी."
आणि सुरी पुसली.

पावाला लोणी लावून तिने पुढे केला.
वर मासा नव्हता.
मी तर काहीच बोलले नव्हते.
"बरणी तू झाकणाने उचलतेस," ती म्हणाली,
"खालून हात लावत नाहीस."

पाव गोडसर, जड, दाताला चिकटणारा.
खाता खाता मी त्या म्हाताऱ्याचं सांगितलं,
टोपी, बोटीवरचा हात, सगळं.
"तू काय म्हणालीस?"
मी मान डोलावून दाखवली. आणि ते हसणंही.

ती बराच वेळ नदीकडे बघत राहिली.
"बॅर्टिल तो. तीन वर्षं झाली,
ही बोट मागतोय माझ्याकडे.
आज बहुतेक तू विकलीस."

आणि पावाचा दुसरा तुकडा कापायला घेतला,
आधीपेक्षा जाड.